घर फ्रीमाँटला, पदवी सोशल जस्टिसची : एका ट्रान्स्फरचे नियोजन

पार्श्वभूमी

वर्षा मला पहिल्यांदा भेटली ती २०२१ च्या उन्हाळ्यात. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मी कॅलिफोर्नियातल्या बे एरियात एका कम्युनिटी कॉलेजमध्ये ट्रान्स्फर काउन्सेलर आहे. ज्यांना दोन वर्षे आमच्याकडे शिकून पुढची दोन वर्षे विद्यापीठात जायचे असते, त्यांचे विषय आणि युनिटांचे, म्हणजे श्रेयांकांचे, गणित जुळवून देणे हे माझे काम. मराठी विद्यार्थी अधूनमधून येतात, पण बहुतेक कॉम्प्युटर सायन्स किंवा अकाउंटिंगसाठी. सोशल जस्टिस स्टडीजबद्दल विचारायला आलेली मराठी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

ती मूळची अमरावतीची, आता राहायला इथल्याच फ्रीमाँट शहरात. बी.ए. पार्ट टू झाले आणि लग्न ठरले. फायनलचा फॉर्म भरायचा राहूनच गेला. नवरा आयटीत. अमेरिकेत आल्यावर काही वर्षे एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, घरी, दोन मुले, मग ग्रीन कार्ड. सकाळी मुलांच्या मॉन्टेसरीत ती मदतनीस म्हणून काम करत होती. बुधवारी संध्याकाळी दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीच्या एका हेल्पलाइनवर फोन घ्यायची. कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांत समुपदेशक म्हणून कायद्याने मान्यता हवी असेल तर कॅलिफोर्नियात किमान ४० तासांचे प्रशिक्षण लागते. ते तिने केले होते. मराठी, हिंदी आणि वऱ्हाडी वळणाची उर्दू तिन्ही येत असल्याने तिच्या वाटणीला फोनही भरपूर यायचे.

फोनवर बोलण्यापलीकडे काही करायचे म्हटले की पदवी आडवी यायची. केस मॅनेजरच्या जागेला पदवी हवी, कोर्टात सोबत जाण्याच्या नोकरीला पदवी हवी. तिला पुढे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून याच क्षेत्रात राहायचे होते. तिचे पहिलेच वाक्य माझ्या वहीत लिहिलेले आहे : "ताई, मला घर हलवता येत नाही. मुलांची शाळा हलवता येत नाही. जे करायचे ते इथूनच जाऊन-येऊन करायचे आहे."

पुढच्या चार वर्षांतला जवळजवळ प्रत्येक निर्णय या वाक्यावर बेतलेला आहे, म्हणून ते आधीच सांगितले.

अडचण नेमकी कुठे होती

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. २०१० साली एसबी १४४० हा कायदा झाला आणि त्यातून 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर' ही पदवी आली. सगळे तिला एडीटी म्हणतात. ६० युनिटे पूर्ण करा, त्यात निवडलेल्या विषयाची किमान १८ युनिटे असू द्या, सरासरी २.० च्या खाली जाऊ देऊ नका. तेवढे केले की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे सीएसयूत, प्रवेशाची हमी. पुढे त्याच किंवा 'समान' ठरवलेल्या विषयात आणखी ६० युनिटांत बी.ए. पूर्ण करून देण्याचीही हमी.

सोशल जस्टिस स्टडीज ही अशीच एक एडीटी. तिचा गाभा सामाजिक न्यायाची ओळख, वंश आणि वांशिकता, आणि लिंगभाव अशा विषयांचा असतो. उरलेले विषय इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, कला, संशोधन पद्धती अशा याद्यांमधून निवडायचे. काही कॉलेजे ती सर्वसाधारण स्वरूपात देतात, काही एथ्निक स्टडीज, जेंडर स्टडीज, आफ्रिकन अमेरिकन स्टडीज असा भर ठेवून. आमच्याकडे दोन प्रकार होते.

घर हलवता न येणाऱ्या विद्यार्थ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हमी सीएसयू या संस्थेतल्या प्रवेशाची आहे. तिचे कॅम्पस मेक्सिकोच्या सीमेजवळच्या वाळवंटापासून ओरेगनकडच्या रेडवूडच्या जंगलांपर्यंत पसरलेले आहेत. तुम्ही मागितलेल्या कॅम्पसने जागा नाही म्हटले, तर तुमचा अर्ज जागा असलेल्या दुसऱ्या कॅम्पसकडे वळवला जातो. एकोणीस वर्षांच्या मुलाला ते चालून जाईल. फ्रीमाँटमध्ये दोन मुले शाळेत घालणाऱ्या आईला शेकडो मैलांवरची हमी काय कामाची?

दुसरी अडचण 'समान' या शब्दात होती. एडीटी कोणत्या कॅम्पसवर कोणत्या पदवीशी समान धरली जाते, याची यादी कॅम्पसनिहाय वेगळी असते. सोशिऑलॉजीच्या एडीटीला जवळजवळ सगळीकडे सोशिऑलॉजीच भेटते. सोशल जस्टिस नावाचे मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मात्र सगळीकडे नसते. कुठे एथ्निक स्टडीज, कुठे जेंडर स्टडीज, कुठे आणखी काही. त्यामुळे आमच्याकडे कोणता प्रकार निवडायचा, हे जिथे पोचायचे त्या कॅम्पसकडे पाहूनच ठरवावे लागते.

तिसरी अडचण घरातली. तिचे यजमान विरोधात नव्हते, पण काळजीत होते. दुसऱ्या भेटीला ते सोबत आले आणि सरळ विचारले, "मॅडम, चार वर्षं ती संध्याकाळी घरी नसणार. शेवटी हातात काय येणार?" प्रश्न रास्त होता. अशा प्रश्नाला समाजसेवेवरचे भाषण हे उत्तर नव्हे.

समोरचे पर्याय

आम्ही तिघांनी मिळून आधी नोकऱ्यांच्या जाहिराती वाचल्या. वर्षाने हेल्पलाइनच्या ओळखीतून जमवलेल्या केस मॅनेजर, हाउसिंग अॅडव्होकेट, कोर्टातल्या मदत केंद्रातली नोकरी अशा जाहिरातींचे कागद टेबलावर पसरले. प्रत्येकीत पदवीची अट कुठे लिहिली आहे तिथे तिने पिवळी रेघ मारली. बहुतेक ठिकाणी सोशल वर्क, सोशिऑलॉजी 'किंवा संबंधित विषय' असे होते. जिथे स्वतःची खोली घेऊन समुपदेशन करायचे, तिथे एमएसडब्ल्यू आणि परवाना. त्या परवान्यासाठी, म्हणजे एलसीएसडब्ल्यूसाठी, एमएसडब्ल्यूनंतर देखरेखीखालचे ३,००० तास लागतात. यजमानांनी हे आकडे स्वतःच्या फोनमध्ये टिपून घेतले आणि त्यानंतर त्यांचे प्रश्न बदलले. 'का' मागे पडले, 'किती दिवसांत' सुरू झाले.

मग तीन वाटा समोर ठेवल्या. पहिली सोशल वर्क अँड ह्यूमन सर्व्हिसेसची एडीटी आणि पुढे बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदवी. हिचा फायदा ठोस आहे : मान्यताप्राप्त बीएसडब्ल्यू असेल तर अनेक विद्यापीठांत दोन वर्षांचे एमएसडब्ल्यू एका वर्षात होऊ शकते. तोटा असा की बीएसडब्ल्यूत फील्डवर्क दिवसाढवळ्या असते आणि त्या जागा मोजक्या. दुसरी वाट सोशिऑलॉजी. सुरक्षित, सगळीकडे चालणारी. तिसरी सोशल जस्टिस. एमएसडब्ल्यूला बी.ए. कोणत्याही विषयातले चालते, त्यामुळे तीही बंद वाट नव्हती.

वर्षाचा कल तिसऱ्याकडे होता आणि तिचे कारण मला पटले. हेल्पलाइनवर येणाऱ्या बाईची अडचण एकेरी नसते, असे ती म्हणाली. व्हिसा नवऱ्याच्या नावावर, बँकेचे खाते नवऱ्याच्या नावावर, आंतरजातीय लग्न म्हणून माहेर तुटलेले, इंग्रजी कच्चे. "यातलं एकच धरून मी काय शिकू?" कायदा, स्थलांतर, जात, वंश आणि लिंगभाव एकाच पदवीत शिकायला मिळणे तिला हवे होते. त्याच सुमारास, जानेवारी २०२२ मध्ये, सीएसयूने आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा स्पष्ट उल्लेख घातला. पुढे राज्यभर तसेच करू पाहणारे एसबी ४०३ विधेयक विधिमंडळात मंजूर होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांच्या नकाराधिकाराने थांबले. आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलले जाणारे विषय तिच्या वर्गात उघड चर्चेला येत होते. तिला ते ऐकायचे होते, बोलायचेही होते.

यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, हाही पर्याय होताच. तिथे एडीटीची हमी लागू होत नाही, पण सहा कॅम्पसवर टॅग नावाचा प्रवेशहमी करार मिळतो : डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. यातला एकही फ्रीमाँटहून रोज संध्याकाळी जाऊन येण्याजोगा नाही. सँटा क्रूझ नकाशावर जवळ दिसते, पण हायवे १७ चा घाट रात्री दहाला उतरायचा आणि सकाळी मुलांचे डबे भरायचे, हे चार-दोन दिवस जमते. बार्टने, म्हणजे बे एरियातल्या लोकल रेल्वेने, थेट पोचता येणारे बर्कली, तर त्याचा टॅग नाही.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय आम्ही शेवटाकडून घेतला. बार्टचा नकाशा उघडला आणि संध्याकाळी सहाला वर्गात बसून रात्री साडेदहाच्या आत घरी येता येईल असे सीएसयू कॅम्पस शोधले. तीन निघाले. हेवर्डचा ईस्ट बे, बार्टने जवळ आणि स्टेशनवरून टेकडीवर जायला शटल. सॅन होजे स्टेट, २०२० पासून बार्ट बेरिएसापर्यंत जाते म्हणून आता आवाक्यात. आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेट, डेली सिटीपर्यंत लांबचा प्रवास, पण विषयाच्या दृष्टीने सर्वांत मानाचे. नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ विद्यार्थ्यांचा तो प्रदीर्घ संप तिथेच झाला आणि त्यातूनच तिथले कॉलेज ऑफ एथ्निक स्टडीज उभे राहिले. या तिन्ही ठिकाणच्या 'समान' पदव्यांच्या याद्या समोर ठेवून आमच्याकडचा सर्वसाधारण प्रकार निवडला. जेंडरवर भर असलेला प्रकार तिच्या कामाशी अधिक जवळचा होता. पण सर्वसाधारण प्रकाराने तिन्ही दारे उघडी राहत होती, आणि यादीतून निवडायचे विषय ती जेंडरचेच घेऊ शकत होती.

दुसरा प्रश्न अमरावतीच्या दोन वर्षांचा. तिने पहिल्या भेटीला मार्कशीट आणल्या होत्या, लॅमिनेशन केलेल्या, कोपऱ्यावर कॉलेजच्या शिक्क्याची निळी शाई पसरलेली. वडिलांनी जपून ठेवल्या होत्या. इथे त्यांचा थेट उपयोग नव्हता. परदेशी शिक्षणाचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांची अधिकृत प्रत, हवी असते. वर्षाचा भाऊ विद्यापीठाच्या खिडकीवर चकरा मारत होता. कधी जुना परीक्षा क्रमांक सापडेना, कधी लग्नानंतरचे नाव जुळेना.

वाट पाहत बसायचे की सुरुवात करायची? आम्ही योजनेच्या दोन प्रती केल्या. एकीत अमरावतीचे काहीच धरले नाही. दुसरीत ऐच्छिक म्हणून १२ युनिटे धरली. दोन्हींत पहिले सेमिस्टर सारखेच होते, म्हणून निर्णय लांबवूनही तिचा वेळ गेला नाही. दीड वर्षाने मूल्यांकन आले आणि कॉलेजने १२ युनिटे ऐच्छिक म्हणून मान्य केली. सामान्य शिक्षणाच्या, म्हणजे मेजर कोणतेही असले तरी सर्वांना घ्याव्या लागणाऱ्या, एकाही विषयातून त्यामुळे सुटका झाली नाही.

ही १२ युनिटे महत्त्वाची का, ते आकड्यांत सांगते. त्या वेळी तिला लागू असलेला सीएसयूचा सामान्य शिक्षणाचा आराखडा ३९ युनिटांचा होता. मेजरची १८. पण मेजरचे काही विषय सामान्य शिक्षणातही मोजले जातात. आम्ही ९ युनिटे अशी दोन्हीकडे बसवली, म्हणजे एकूण ४८. उरली १२, ती अमरावतीने भरली. दर सेमिस्टरला दोन विषय, म्हणजे सहा युनिटे, धरली तर आठ सेमिस्टर. राज्याच्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे ४८ युनिटांचे २,२०८ डॉलर. यजमानांच्या पगारामुळे फी-माफी मिळणार नव्हती, पण चार वर्षांत पसरलेली ही रक्कम घराला झेपणारी होती.

गणिताची तिला धास्ती होती. दहावीनंतर तिने गणिताचे तोंड पाहिले नव्हते. पूर्वी अशा विद्यार्थ्यांना पायाभूत गणिताच्या पायऱ्या चढत दोन-तीन सेमिस्टर घालवावी लागत आणि निम्मे तिथेच गळत. २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर थेट ट्रान्स्फर पातळीचा विषय घेता येतो, हवा तर मदतीचा जोडवर्ग. तिने स्टॅटिस्टिक्स घेतले. पहिल्या वर्षी घ्यायचे की शेवटी, यावर बराच खल झाला. माझे मत पहिल्या वर्षाच्या बाजूने होते, कारण बोलणे, लिहिणे, तर्क आणि गणित हे चार विषय सीएसयूच्या प्रवेशाआधी उत्तीर्ण असावेच लागतात. अर्ज करण्याच्या वर्षात त्यातला एखादा हुकला तर सगळेच लटकते. तिने ऐकले. हेल्पलाइनला कोणत्या वारी किती फोन येतात यावर तिने प्रकल्प केला, फक्त संख्या वापरून, आणि बी मिळवली.

फक्त संख्या वापरून, हे मुद्दाम सांगते. हेल्पलाइनवरचे बोलणे गोपनीय असते आणि समुपदेशकाने ते गुप्त ठेवणे कायद्याला धरून असते. सोशल जस्टिसच्या वर्गात अनुभव मांडायला प्रोत्साहन मिळते, आणि वर्षाकडे सांगण्यासारखे खूप होते. आपला समाज इथे लहान आहे. नाव बदलले तरी गाव, आडनावाचा सूर, नवऱ्याची कंपनी एवढ्यावर माणूस ओळखू येतो. तिने सुरुवातीलाच ठरवून टाकले की कोणत्याही निबंधात कुणाचाही फोन येणार नाही. तिच्या सगळ्या निर्णयांत हा मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यामुळे तिला लिहायला दुसरे विषय शोधावे लागले, आणि ते चांगले निघाले.

एथ्निक स्टडीजचा विषय सीएसयूत २०२० च्या एबी १४६० कायद्याने सक्तीचा झाला. त्यासाठी तिने एशियन अमेरिकन स्टडीज घेतला. त्यात भगतसिंग थिंड यांचा १९२३ चा खटला आला, ज्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारले. गदर चळवळही आली. तिथे तिला पांडुरंग खानखोजे भेटले, वर्ध्याचे, म्हणजे तिच्या माहेरच्या शेजारचे. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकता शिकता गदरच्या उभारणीत उतरलेला आणि पुढे मेक्सिकोत शेतीतज्ज्ञ म्हणून नाव कमावलेला हा माणूस तिने शाळेत कधी वाचला नव्हता. त्यांच्यावर तिने सेमिस्टरचा निबंध लिहिला. वर्गातल्या मेक्सिकन मुलांनी तो कान देऊन ऐकला, हे तिने मला दोनदा सांगितले.

सर्वांत कठीण वळण २०२३ च्या फॉल सेमिस्टरमध्ये आले. लिंगभावाचा मुख्य विषय तिने संध्याकाळचा घेतला होता. वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यात तो रद्द झाला, नोंदणी पुरेशी नव्हती. पुढच्या सेमिस्टरला तो फक्त सकाळी होता, आणि सकाळी तिची नोकरी. ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "विषय बदलून सोशिऑलॉजी करू का? ते तरी रद्द होत नाही." रागाने नव्हे, थकून विचारले होते. त्या दिवशी मी हो म्हटले असते तर एक सेमिस्टर वाढले असते, आणि दोन वर्षे ज्या विषयासाठी आली तो हातचा गेला असता.

आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. सकाळच्या वर्गासाठी नोकरीचे तास बदलणे. मॉन्टेसरीने नकार दिला. मेजर बदलणे, त्याचा हिशेब वर दिलाच. तिसरी वाट दुसऱ्या कॉलेजचा ऑनलाइन वर्ग. कॅलिफोर्निया व्हर्च्युअल कॅम्पसच्या एक्स्चेंजवरून सहभागी कॉलेजांचे ऑनलाइन विषय वेगळा प्रवेश अर्ज न भरता घेता येतात. इथे पाहायचे ते सी-आयडी. राज्यभरातल्या कॉलेजांत एकसारख्या विषयांना हा सामाईक क्रमांक दिलेला असतो. तो जुळला तर बाहेरून घेतलेला विषय आपल्या एडीटीत बसतो. जुळणारा वर्ग दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात सापडला. नोंदणीआधी तो आपल्या पदवीत धरला जाईल असे तिने विभागाकडून ईमेलवर लेखी घेतले. मुले झोपल्यावर रात्री ती तो वर्ग करायची.

परिणाम

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने सीएसयूच्या तिन्ही कॅम्पसला अर्ज केले, प्रत्येकी ७० डॉलर भरून. बर्कलीलाही केला. सीएसयूच्या अर्जात निबंध नसतो. यूसीला ट्रान्स्फरसाठी प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंतची चार उत्तरे लिहावी लागतात, आणि तिथे पुन्हा गोपनीयतेचा प्रश्न आला. तिने एक उत्तर खानखोज्यांवर लिहिले, एक अमरावतीत राहून गेलेल्या फायनलच्या वर्षावर.

यातली एक पायरी चुकता चुकता राहिली. सीएसयूच्या अर्जात 'एडीटी मिळणार आहे' अशी खूण करणे आणि आपल्या कॉलेजात पदवीसाठी स्वतंत्र विनंती अर्ज भरणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले केले की दुसरे आपोआप होते असे बहुतेकांना वाटते. वर्षालाही तसेच वाटत होते. मुदतीच्या आठवडाभर आधी पदवी विभागाचे स्मरणपत्र आले म्हणून ते निभावले.

बर्कलीचा नकार आला. सीएसयूच्या तीनपैकी दोन कॅम्पसचे होकार आले, त्यातला एक हेवर्डचा, एथ्निक स्टडीजसाठी. तिने हेवर्ड घेतले. सॅन फ्रान्सिस्कोचे नाव मोठे होते आणि तिचा जीव तिथे अडकला होता, हे मला दिसत होते. पण रात्रीचा परतीचा प्रवास तिने एकदा प्रत्यक्ष करून पाहिला आणि घरी येऊन ठरवले. २०२५ च्या फॉलपासून ती तिथे शिकते आहे. त्या वर्षाची सीएसयूची मूळ फी, सहाहून अधिक युनिटांसाठी, ६,४५० डॉलर आणि वर कॅम्पसचे शुल्क. कम्युनिटी कॉलेजच्या चार वर्षांच्या तुलनेत ही उडी मोठी आहे. त्यासाठी घराने दोन वर्षे आधीपासून पैसे बाजूला टाकले होते. अमेरिकी इतिहास आणि राज्यघटनेचे विषय तिने सामान्य शिक्षणातच बसवून आधीच संपवले होते. त्यामुळे पुढची ६० युनिटे तिला बऱ्यापैकी मोकळी मिळाली.

मॉन्टेसरीची नोकरी तिने सोडली. जिथे फोन घेत होती त्याच क्षेत्रातल्या एका संस्थेत आता ती अर्धवेळ पगारावर आहे. पदवी पूर्ण व्हायची आहे, पण शिक्षण सुरू असल्याचे दाखवता आले म्हणून ते दार उघडले.

वेगळे काय करता आले असते

अमरावतीची ट्रान्सक्रिप्ट पहिल्या सेमिस्टरच्या आधीच मागवायला हवी होती, कॉलेजला प्रवेश घ्यायचा विचार मनात आला तेव्हाच. दीड वर्ष दोन प्रतींच्या योजनेवर काढणे जमले, कारण तिच्या गतीला ते जमण्यासारखे होते. पूर्णवेळ विद्यार्थ्याला जमले नसते. भारतातून अर्धवट शिक्षण घेऊन आलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : कम्युनिटी कॉलेजने मान्य केलेली परदेशी युनिटे पुढचे विद्यापीठ पुन्हा तपासू शकते. वर्षाच्या बाबतीत ती टिकली. तरी शेवटच्या उन्हाळ्यात एखादा जास्तीचा विषय घेऊन ठेवला असता तर ती युनिटे टिकतात की नाही या काळजीतले वसंतातले दोन महिने तिला शांत झोप लागली असती.

रद्द होऊ शकणारे विषय आधी घ्यावेत, सांख्यिकीसारखे दर सेमिस्टरला असणारे विषय मागे ठेवले तरी चालतात, असे आता काही सहकारी सांगतात. माझे मत अजूनही वेगळे आहे. प्रवेशाच्या आड येणारे चार विषय आधी संपवणे हाच सुरक्षित क्रम. मात्र लहान विभागांचे मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या पुढे ढकलू नयेत, आणि त्यांचा पर्याय कोणत्या कॉलेजात ऑनलाइन आहे ते आधीच शोधून ठेवावे.

बीएसडब्ल्यूची वाट सोडल्याची किंमत तिला पुढे मोजावी लागेल. एमएसडब्ल्यू तिला दोन वर्षांचेच करावे लागणार. ती हे जाणून निघाली. हेच कुणी पंचविशीचे, दिवसा मोकळे, परवान्याची घाई असलेले असते तर मी सोशल वर्कच सुचवले असते.

आता सुरुवात करणाऱ्यांसाठी काही गोष्टी बदलल्या आहेत. २०२५ च्या फॉलपासून नव्या विद्यार्थ्यांना सीएसयू आणि यूसी दोन्हींसाठी कॅल-गेटसी हा एकच आराखडा आहे, ३४ युनिटांचा. त्यामुळे ऐच्छिक विषयांना जागा वाढली. पण त्यातल्या प्रत्येक विषयात किमान सी लागते. जुन्या आराखड्यात चार विषय सोडले तर डी चालून जायची. जुन्या आराखड्यावर असलेल्यांनी मध्ये खंड पडू देऊ नये. सलग नोंदणी तुटली की नवे नियम लागू होऊ शकतात. वर्षाने एका सेमिस्टरला आईच्या आजारपणासाठी अमरावतीला जायचे ठरवले होते. तेव्हाही एक ऑनलाइन विषय चालू ठेवला, तो याच कारणासाठी.

आणि यजमानांना पहिल्याच भेटीला बोलवायला हवे होते. जाहिरातींचे कागद टेबलावर आले तोपर्यंत घरात महिनाभर अबोला होता, हे मला खूप नंतर कळले. आता मराठी, गुजराती, तेलुगू कुठल्याही घरातली बाई असा विषय घेऊन आली की मी विचारते, घरात कुणाला याबद्दल प्रश्न आहेत, आणि त्यांना यायला कोणती वेळ सोयीची. त्याच भेटीत तिच्या जुन्या विद्यापीठाचा ट्रान्सक्रिप्टचा अर्जही भरायला घेते.